नळी लांब की आखूड? : ठासणीच्या बंदुकीचा एक जुना वाद



नववीच्या मुलांना घेऊन आम्ही एकदा एका वस्तुसंग्रहालयाच्या सहलीला गेलो होतो. शस्त्रांच्या दालनात एक तोड्याची बंदूक भिंतीवर आडवी टांगलेली होती. आमचा एक ठेंगणा विद्यार्थी बराच वेळ तिच्याकडे पाहत उभा राहिला आणि म्हणाला, “सर, ही तर माझ्यापेक्षा उंच आहे. हिच्यात दारू भरायची कशी? स्टुलावर चढून?” सगळी मुले हसली. मीही हसलो आणि पुढच्या दालनाकडे वळलो, कारण खरे सांगायचे तर मला उत्तर येत नव्हते. परतीच्या एस.टी.त दुसऱ्या एका मुलाने त्यात भर घातली. त्याच्या आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक आहे. आपल्या कोकणात रानडुकरांच्या आणि वानरांच्या त्रासामुळे अशा बंदुका अनेक घरांत आहेत. आजोबांचे म्हणणे असे, की नळी जितकी लांब तितका बार लांब जातो. हे ऐकून सगळ्या बसने मान डोलावली. मीही डोलावली.

पुढे सुट्टीत मी या विषयावर जमेल तेवढे वाचले. आजोबांचे म्हणणे अर्धे खरे आहे. उरलेल्या अर्ध्यात मात्र तीन-चारशे वर्षांचा इतिहास भरला आहे, आणि त्याचे एक टोक थेट १८५७ पर्यंत येऊन पोहोचते. त्या दोन मुलांचे देणे फेडावे म्हणून हा लेख.

शहरातल्या वाचकांसाठी आधी थोडे सांगतो. ठासणीची बंदूक म्हणजे जी तोंडाकडून भरतात ती. नळीत आधी मोजून काळी दारू ओतायची, त्यावर गोळी ठेवायची आणि गजाने तळापर्यंत ठासायची. मागच्या बाजूला एक बारीक छिद्र असते. त्यातून आत ठिणगी पोचवायची ती जळत्या तोड्याने, नाहीतर चकमकीच्या गारेने, नाहीतर १८२० नंतर पसरत गेलेल्या तांब्याच्या टोपीने. दारू पेटली की क्षणात तिचा वायू होतो, तो पसरू पाहतो आणि गोळीला पुढे ढकलतो. गोळी नळीच्या तोंडाबाहेर पडली की हे ढकलणे संपले. म्हणजे नळी हे गोळीचे धावण्याचे मैदान आहे. मैदान लांब असेल तर धावायला जास्त सापडणार, हे आजोबांचे तर्कशास्त्र, आणि येथवर ते बिनचूक आहे.

पण मित्रांनो, वायू पसरत जातो तसा त्याचा जोर कमी होत जातो. विज्ञानाच्या तासाला तुम्ही बॉइलचा नियम शिकला आहात : घनफळ दुप्पट झाले की दाब निम्मा. हा नियम बंदुकीला नीट लावून पाहिला तो बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने. त्याचा तोफशास्त्रावरील ग्रंथ १७४२ मध्ये निघाला. तीनच वर्षांत ऑइलरसारख्या थोर गणितीने त्याचे जर्मन भाषांतर केले. गोळीचा वेग मोजण्यासाठी रॉबिन्सने एक जड लंबक टांगला, त्यावर गोळी झाडली आणि लंबक किती मागे सरतो यावरून वेग काढला. त्यापूर्वी बंदुकीच्या गोळीचा वेग असा भरवशाने कोणी मोजला नव्हता. हा गृहस्थ पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत किल्ल्यांच्या बांधकामासाठी हिंदुस्थानात आला आणि १७५१ मध्ये मद्रासच्या दक्षिणेस फोर्ट सेंट डेव्हिड येथे वारला. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्याचे नावही नसते, याचे मला वाईट वाटते.

रॉबिन्सच्या पद्धतीने एक हिशेब मी स्वतः मांडून पाहिला. समजा दारूने नळीचा तळाचा अडीच इंच भाग व्यापला आहे, सगळी दारू एकदम पेटली आणि घर्षण सोडून दिले. नळी १५ इंचांऐवजी ३० इंच केली, तर गोळीचा वेग सुमारे १८ टक्के वाढतो. आणखी १५ इंच वाढवून ती ४५ इंच केली, तर ही दुसरी वाढ जेमतेम ८ टक्के भरते. ३९ ची ४६ इंच केली तर ३ टक्के. प्रत्यक्षात गोळी नळीला घासते, दारूची काजळी आत साठते, म्हणून फायदा याहूनही कमी. लोखंडाचे वजन मात्र प्रत्येक इंचाला वाढतच जाते, आणि ते खांद्यावर असते. अकरावीच्या मुलांनी लॉगॅरिथमची कोष्टके घेऊन हा हिशेब जरूर करून पाहावा. माझी चूक सापडली तर मला आनंदच होईल.

मग लोक एवढ्या लांब नळ्या का करीत होते? एक कारण नेमाचे. मागची खाच आणि पुढची माशी एका रेषेत धरून आपण नेम घेतो. या दोहोंत २४ इंचांचे अंतर असेल आणि डोळ्याची चूक इंचाचा पन्नासावा भाग झाली, तर १०० यार्डांवर गोळी ३ इंच बाजूला जाते. अंतर ३६ इंच असेल तर तीच चूक २ इंचांवर येते. नळीच्या लांबीचा हा फायदा खरा आणि मोजता येण्याजोगा आहे. दुसरे कारण संगिनीचे आणि पलटणीच्या रांगांचे. त्याकडे पुढे येतो.

आपल्याकडील पुरावा पाहू. अबुल फझलने ‘आईन-ए-अकबरी’त बादशाही कारखान्यातील बंदुकांवर स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. पूर्वी लोखंडाचा पत्रा वळवून त्याच्या दोन कडा नुसत्या जोडीत असत, आणि त्यामुळे अपघात होत. अकबराच्या कारखान्यात पत्रा तिरपा गुंडाळून, घडीवर घडी येईल असा तापवून जोडू लागले. बंदुका दोन गजांपर्यंत लांब होत. लहान जातीची सव्वा गजाची, तिला ‘दमानक’ म्हणत. (तो गज आजच्या यार्डाहून थोडा लहान, हे ध्यानात ठेवावे.) नळ्या साफ करण्यासाठी जनावराने फिरवायचे एक चाकही तेथे होते, त्यावर एका वेळी सोळा नळ्या घासल्या जात. अकबराच्या आवडत्या बंदुकीचे नाव संग्राम. चितोडच्या वेढ्यात, १५६८ मध्ये, जयमल राठोड याला याच बंदुकीने टिपल्याचे अबुल फझल सांगतो. मला या प्रकरणात महत्त्वाचे वाटते ते असे, की एकाच कारखान्यात लांब आणि आखूड दोन्ही माप शेजारी शेजारी होते. लांबी ही प्रौढीची बाब नव्हती. काम कोणते त्यावर ती ठरत होती.

हेच युरोपातून अमेरिकेत गेलेल्या कारागिरांच्या बाबतीत दिसते, आणि तेथे तर फार स्पष्ट. जर्मन शिकाऱ्याची रायफल आखूड आणि जाड असे : नळी २८ ते ३० इंच, तोंडाचा व्यास इंचाच्या सहा दशांशाच्या आसपास. रायफल म्हणजे जिच्या नळीत आतून पिळाच्या खाचा कोरलेल्या असतात ती. त्या खाचांनी गोळी भोवऱ्यासारखी फिरत बाहेर पडते आणि सरळ जाते. अठराव्या शतकात हे कारागीर पेनसिल्व्हेनियात लँकेस्टरच्या परिसरात स्थायिक झाले आणि त्यांच्या हातची रायफल पिढी दोन पिढ्यांत ओळखू येईनाशी झाली. नळी ४२ ते ४६ इंच झाली आणि व्यास साडेचार-पाच दशांशावर आला. कारण शोधायला शिशाचा हिशेब पुरतो. सहा दशांश इंचाच्या गोळ्या एका पौंड शिशातून २१ होतात. साडेचार दशांशाच्या ५१. महिनोन्‌महिने रानात पायी हिंडणाऱ्या, दुकान पाच दिवसांच्या वाटेवर असलेल्या माणसाला हा फरक केवढा मोठा! लहान गोळीला दारूही थोडी लागते. लांब नळीने त्या थोड्या दारूचा पुरेपूर उपयोग होई आणि नेमही बारीक घेता येई.

पुढे हेच लोक पश्चिमेच्या माळरानांवर घोड्यावर बसून फिरू लागले, रानरेड्यासारखी मोठी जनावरे मारू लागले, तेव्हा सेंट लुईस येथील हॉकेन बंधूंनी नळी पुन्हा ३४ इंचांच्या घरात आणली आणि व्यास वाढवला. घोडेस्वाराला चार फुटी नळी सांभाळता येत नाही. लांबीचे माप बदलले ते माणूस चालतो की स्वारी करतो आणि काय मारतो यावरून. यात कोणी शहाणा आणि कोणी अडाणी नव्हता.

आता सैन्याकडे वळू. इंग्रजांच्या चकमकीच्या मस्केटची नळी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ४६ इंच होती. मग ४२ इंचांची आली. आणि ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या हिंदुस्थानी पलटणींसाठी ३९ इंचांची साधी, स्वस्त मस्केट बनवून घेतली. १७९३ मध्ये फ्रान्सशी युद्ध पेटल्यावर इंग्लंडच्या सरकारला बंदुका कमी पडल्या, तेव्हा कंपनीसाठी तयार झालेल्या याच बंदुका त्यांनी उचलल्या आणि लवकरच तो नमुना खुद्द इंग्लंडच्या फौजेचा झाला. नेपोलियनशी लढलेल्या इंग्रज पायदळाच्या हाती मुख्यतः हीच ‘इंडिया पॅटर्न’ होती. सात इंच कापले आणि मैदानावर काहीच बिघडले नाही! बिघडणार कसे? नळीचा व्यास पाऊण इंच आणि गोळी त्याहून बरीच लहान, इंचाच्या ६९ शतांश. भराभर भरता यावी म्हणून ती मुद्दाम सैल ठेवलेली. वायू बाजूने निसटे आणि गोळी नळीत ठेचकाळत बाहेर पडे. अशा बंदुकीला ४६ इंच काय आणि ३९ इंच काय. नळीच्या लांबीपेक्षा गोळी नळीत किती घट्ट बसते, याला जास्त महत्त्व आहे, हे ज्ञान येथून निघते.

१८०० साली वुलिच येथे रायफलींची परीक्षा झाली. इझिकिएल बेकर या लंडनच्या कारागिराचा एक नमुना जड म्हणून परत गेला, पण त्याची ३० इंच नळीची रायफल अखेर पसंत पडली. रायफलधारी शिपाई रांगेत उभा राहत नसे. तो झाडाआड, गुडघ्यावर, प्रसंगी पडून बंदूक भरी, आणि त्याला आखूड नळीच हवी होती. प्रश्न उरला तो संगिनीचा. घोडदळ अंगावर आले तर पायदळाचा भाला म्हणजे संगीन लावलेली बंदूक. मस्केट आणि संगीन मिळून लांबी सुमारे सहा फूट होई. बेकरची रायफल आखूड, म्हणून तिला दोन फुटी तलवारच संगीन म्हणून जोडली. नळीतून वाचवलेले लोखंड असे तोंडाला परत लावावे लागले.

लांब नळीचा धाक मोठ्या फौजेला बसला तो अफगाणिस्तानात. ६ जानेवारी १८४२ रोजी काबूलहून सुमारे ४,५०० सैनिक आणि १२,००० बाजारबुणगे जलालाबादकडे निघाले. सैनिकांत मोठा भरणा हिंदुस्थानी शिपायांचा होता. आठवड्याभरात, १३ जानेवारीला, गंडमकच्या टेकडीवर शेवटची तुकडी कापली गेली. थंडीने आणि उपासमारीने किती गेले आणि गोळीने किती, हे वेगळे करता येत नाही. पण खिंडीच्या दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांवरून अफगाण टोळीवाले आपल्या ‘जझाइल’ बंदुकांनी टिपत होते, आणि खालच्या मस्केटांची गोळी त्यांच्यापर्यंत पोचत नव्हती. जझाइलची नळी चार फूट किंवा त्याहून लांब आणि जाड असे. सर्वांनी याचे श्रेय लांबीला दिले. मला वाटते, लांबीचा वाटा त्यात होता, पण एकटीचा नव्हता. अफगाण माणूस घट्ट बसणारी गोळी निवांत ठासत होता, जाड नळीत भरपूर दारू घालत होता आणि बंदूक दुबेळक्यावर नाहीतर खडकावर टेकवून नेम घेत होता. बर्फात बोटे गोठलेल्या खालच्या शिपायाला यातले काहीच करता येत नव्हते. कोणा गावच्या शेतकऱ्याची मुले ती, पगारासाठी तिथवर गेलेली.

आणि आता एन्फिल्ड. वर्गात फळ्याजवळ जी मीटरपट्टी ठेवलेली असते ती हातात घ्या. ३९ इंच आणि वर थोडेसे. १८५३ च्या नमुन्याच्या एन्फिल्ड रायफलीची नळी जवळजवळ एवढीच होती. व्यास इंचाच्या ५७७ सहस्रांश, आत तीन खाचा, आणि त्यांचा पीळ इतका सैल की ७८ इंचांत एक फेरा. म्हणजे नळीभर जाताना गोळी अर्धीच वळे. त्याआधी, १८४९ च्या सुमारास, फ्रेंच अधिकारी मिनिए याने बुडाला पोकळ असलेली लांबट गोळी काढली होती. ती भरताना सैल जाते आणि बार झाला की वायूने फुगून खाचांत बसते. सैल भरणे आणि घट्ट सुटणे या दोन गोष्टी प्रथमच एकत्र आल्या. एन्फिल्डच्या गोळीचे तत्त्व हेच, आणि तिच्या नेमपट्टीवर नऊशे यार्डांपर्यंतच्या खुणा होत्या.

मग ३९ इंचच का? याच रायफलीची ३३ इंचांची धाकटी बहीणही होती, दोन कड्यांची. जाड नळीचा आणि ४८ इंचांत एक फेरा अशा जास्त पिळाचा तिचा नमुना लांब पल्ल्यावर थोरलीपेक्षा सरस ठरे. तरी पायदळाला थोरलीच दिली गेली. कारण पलटण दोन रांगांत उभी राहून झाडे. मागच्या रांगेतील शिपाई पुढच्याच्या खांद्यावरून बार काढी. नळी आखूड असेल तर जाळ आणि धूर पुढच्याच्या कानाशी! शिवाय संगिनीसह सहा फूट हे जुने माप कायम ठेवायचे होते. एन्फिल्ड साडेचार फुटांहून थोडी जास्त, संगिनीचे पाते १७ इंच. बेरीज बरोबर सहा फूट होते. म्हणजे १८५३ च्या अद्ययावत रायफलीची लांबी ठरली ती गोळीच्या गणिताने नव्हे. पुढच्या माणसाचा कान आणि जुना भाला यांनी ठरवली.

उलट टोक पाहायचे असेल तर सिंधमध्ये जावे लागेल. मुंबई तोफखान्याचा अधिकारी जॉन जेकब, ज्याच्या नावाने जेकबाबाद शहर आहे, त्याने स्वतःच्या खर्चाने वर्षानुवर्षे प्रयोग करून दुनळी रायफल बनवून घेतली. नळ्या फक्त २४ इंच, चार खोल खाचा आणि पीळ एवढा कडक की तेवढ्यात गोळीचा जवळजवळ पाऊण फेरा पुरा व्हावा. या बंदुकीवर ‘जेकब्ज रायफल्स’ नावाची मुंबई लष्कराची पलटण उभी राहिली. तो १८५८ च्या डिसेंबरात वारला आणि त्याच्या मापाचा पुरस्कार करणारा मागे कोणी राहिला नाही. पीळ आणि गोळी जमली तर दोन फुटांत भागते, हे मात्र त्याने दाखवून दिले होते.

काळ्या दारूची बंदूक झाडली की नळीत काजळी साठते. मीटरभर नळीतून, खाचांवरून, पुढची गोळी खाली ढकलायची तर वंगण हवेच. एन्फिल्डचे कागदी काडतूस म्हणूनच चरबीत बुडवलेले असे, आणि कवायतीप्रमाणे ते दातांनी फाडावे लागे. जानेवारी १८५७ मध्ये डमडमच्या छावणीत बोलणे सुरू झाले, की ती चरबी गाईची आणि डुकराची आहे. पुढचे २९ मार्चचे बराकपूर आणि १० मेचे मीरत तुम्हाला पाठ्यपुस्तकातून माहीत आहे. बंडाची कारणे अनेक आणि खोल होती; काडतुसाला मी त्यांतले सर्वांत मोठे म्हणणार नाही. पण हिंदू आणि मुसलमान शिपायांचा विश्वास एकाच वस्तूवरून एकाच वेळी उडावा, अशी ती वस्तू होती.

आता शेवटची गोष्ट, जी वाचताना मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. बंड मोडल्यावर सरकारने ठरवले की हिंदुस्थानी शिपायाच्या हाती यापुढे गोऱ्या शिपायासारखी रायफल द्यायची नाही. मग काय द्यावे? एन्फिल्डच्याच घाटाची एक नवी बंदूक १८५८ नंतर तयार झाली. तोच दस्ता, तीच टोपीची कळ, तीच ३९ इंचांची नळी, तीच संगीन. कवायतीच्या मैदानावर दोन पलटणी शेजारी उभ्या केल्या, तर दुरून फरक कळू नये. आतून मात्र नळी इंचाच्या ६५६ सहस्रांशापर्यंत पोखरलेली, गुळगुळीत, एकही खाच नाही. लांब पल्ल्याची नेमपट्टी काढून टाकलेली, कारण शंभर यार्डांपलीकडे तिचा भरवसाच नव्हता. बहुतेक हिंदुस्थानी पायदळाने त्या नळ्या पुढे कित्येक वर्षे घासून लखलखीत ठेवल्या. गोऱ्या फौजेला १८६६ पासून मागून भरायची स्नायडर मिळू लागली. शिपायांना ती मिळाली सत्तरच्या दशकात, गोऱ्यांच्या हाती मार्टिनी-हेन्री येऊ लागल्यावर.

त्या मुलाच्या आजोबांची बंदूक मी पुढे त्यांच्या परवानगीने पाहिली. बैठकीत चहा झाल्यावर त्यांनी ती कापडातून काढली. नळी चाळीस इंच भरली. मी नळीच्या तोंडात बोट घालून पाहिले. आतून सपाट होती. “लांब आहे ना?” आजोबांनी विचारले. मी म्हणालो, “हो, लांब आहे.” मग नातवाने त्यांना लॉगॅरिथमचा हिशेब समजावून सांगायला सुरुवात केली, आणि मी दुसरा कप चहा घेतला.